जुळाऱ्याचा प्रतिनिधी कोण? : नागपूर, कामगार संघटना आणि 'प्रातिनिधिक' या विशेषणाचा इतिहास

१

'प्रातिनिधिक' हे विशेषण मराठी समीक्षेने इतके सढळपणे वापरले आहे की त्याला स्वतःचा काही इतिहास असेल, याचा विसर पडावा. एखादी व्यक्तिरेखा तिच्या वर्गाची प्रातिनिधिक आहे, एखादा कवितासंग्रह दशकाचा प्रातिनिधिक आहे, एखादी कादंबरी कामगारजीवनाचे प्रातिनिधिक चित्रण करते, अशी विधाने परीक्षणांतून सतत आढळतात. त्यांत हे विशेषण वर्णन म्हणून येते आणि गौरव म्हणून वाचले जाते. परंतु हाच शब्द विसाव्या शतकाच्या मध्यापासून कामगार कायद्याच्या परिभाषेतही वावरत आला आहे. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमाने 'प्रातिनिधिक संघ' ही संज्ञा रूढ केली. एकाच उद्योगात दोन किंवा अधिक संघटना कामगारांच्या वतीने बोलू पाहतात, तेव्हा त्यांपैकी खरी कोणती, हा प्रश्न त्या संज्ञेमागे होता. समीक्षेतील 'प्रातिनिधिक' आणि कायद्यातील 'प्रातिनिधिक' यांचा एकमेकांशी संबंध नाही, असे मानणे सोयीचे असले तरी ते इतिहासाला धरून नाही. हा संबंध नागपूर या एका शहराच्या आणि मुद्रण या एका व्यवसायाच्या आधारे तपासता येतो.

मुद्रणव्यवसायाची निवड अकारण नाही. साहित्यव्यवहाराच्या अगदी मध्यभागी उभा असलेला कामगार म्हणजे खिळे जुळवणारा जुळारी. देवनागरीतील काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांच्यामुळे त्याला इंग्रजी जुळाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक खिळे हाताळावे लागत. अक्षर उलटे पाहून सुलटे वाचण्याची सवय त्याच्या डोळ्यांना असे. इतरांचा प्रत्येक शब्द त्याच्या बोटांतून गेला. त्याचा स्वतःचा शब्द मात्र क्वचितच छापला गेला. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि मुद्रणस्थळ छापणे बंधनकारक केले. तो कायदा २०२३ च्या नव्या नियतकालिक नोंदणी कायद्याने निरस्त होईपर्यंत दीड शतक चालू होता. तथापि या काळात पुस्तकांवर 'मुद्रक' म्हणून जे नाव येत राहिले ते बहुधा छापखान्याच्या मालकाचे वा व्यवस्थापकाचे होते. ज्याच्या हातांनी पुस्तक घडले, त्याच्या वतीने दुसऱ्याचे नाव उभे राहिले. प्रतिनिधित्वाचा पहिला पेच असा पुस्तकाच्या पहिल्या पानांतच दडलेला आहे.

२

भारतीय कामगार चळवळीच्या आरंभकाळात मुद्रण आणि संघटन यांचा संबंध निकटचा होता. 'दीनबंधु' हे पत्र कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये सुरू केले. पुढे ते नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे आले. लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि हजारो कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. त्यांच्या 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन'ला रीतसर सभासदनोंदणी, वर्गणी किंवा नियमावली नव्हती, असा आक्षेप पुढील इतिहासकारांनी नोंदवला आहे. आक्षेप वस्तुस्थिती म्हणून बरोबर असला, तरी त्यामागे प्रतिनिधित्वाची एक विशिष्ट कल्पना गृहीत धरलेली आहे. मोजता येणारे सभासद असतील तरच बोलण्याचा अधिकार, ही ती कल्पना होय. लोखंडे यांचा अधिकार मोजणीतून आला नव्हता. तो सभेतील उपस्थिती, सही किंवा अंगठा आणि पत्रातील मजकूर यांतून आला होता. १९०५ मध्ये कलकत्त्यात सरकारी छापखान्यांतील संपाच्या वेळी स्थापन झालेली 'प्रिंटर्स युनियन' ही त्यानंतरची महत्त्वाची घटना. येथे मुद्रणकामगार पहिल्यांदा स्वतःच्या व्यवसायाच्या नावाने उभे राहिले.

१९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने परिस्थिती बदलली. कोणत्याही सात व्यक्तींना संघटना नोंदवता येऊ लागली. मात्र नोंदलेल्या संघटनेला मान्यता देण्याचे बंधन मालकावर घातले गेले नाही. संघटना जन्माला घालणे सोपे आणि तिचा शब्द ऐकला जाणे कठीण, अशी ही रचना होती. पुढील सर्व स्पर्धेचे मूळ या विसंगतीत आहे.

३

ही विसंगती राष्ट्रीय पातळीवर उघडी पडली ती नागपुरात. नोव्हेंबर १९२९ च्या अखेरीस ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसचे अधिवेशन जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली येथे भरले आणि संघटना दुभंगली. व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशनवर बहिष्कार घालावा काय, जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेशी संबंध ठेवावा काय, साम्राज्यशाहीविरोधी आंतरराष्ट्रीय संघटनांशी नाते जोडावे काय, हे वादाचे प्रकट मुद्दे होते. ना. म. जोशी आणि दिवाण चमनलाल हे दोघेही कमिशनचे सदस्य होते, त्यामुळे बहिष्काराचा ठराव त्यांच्या भूमिकेवरच आघात करणारा होता. जोशी, चमनलाल, वि. वि. गिरी प्रभृती नेमस्त बाहेर पडले आणि त्यांनी इंडियन ट्रेड युनियन फेडरेशन स्थापन केले.

प्रकट मुद्द्यांच्या खाली मात्र वेगळाच प्रश्न धुमसत होता. १९२८ च्या मुंबईतील प्रचंड संपातून उभ्या राहिलेल्या गिरणी कामगार युनियनने त्या वर्षाच्या अखेरीस ५० हजारांहून अधिक सभासदांचा दावा केला होता. मार्च १९२९ मधील मीरत खटल्याच्या अटका आणि त्याच वर्षीचा फसलेला संप यांनी ही संख्या वेगाने खाली आणली. अधिवेशनातील मतांचे बळ सभासदसंख्येशी जोडलेले असल्यामुळे कोणता आकडा खरा धरायचा, हा केवळ हिशेबाचा मुद्दा उरला नाही. संपाच्या ऐन भरात युनियनमागे उभा राहिलेला कामगार तिचा सभासद मानायचा, की दरमहा वर्गणी देणारा तेवढाच? पहिल्या पक्षाच्या दृष्टीने कामगार हा कृतीतून प्रकट होणारा वर्ग होता. दुसऱ्याच्या दृष्टीने तो नोंदवहीत नाव असलेली व्यक्ती होता. ही कामगाराची दोन चित्रे होती. त्यांपैकी प्रत्येक चित्राला साजेसा प्रतिनिधी वेगळा होता.

येथे एका तपशिलाची नोंद आवश्यक आहे. जोशी ज्या भारत सेवक समाजाचे सदस्य होते, त्याच समाजाचे 'हितवाद' हे पत्र १९११ पासून नागपुरातून निघत होते. कामगारांच्या वतीने बोलणारी संस्था स्वतः पत्राची आणि छपाईची चालकही असू शकत होती. यात दोष शोधण्याचे कारण नाही. परंतु वतीने बोलणारा आणि ज्याच्या वतीने बोलायचे तो, हे एकाच ठिकाणी उभे नसतात, याचे ते बोलके उदाहरण आहे.

पुढे १९३८ मध्ये याच नागपुरात नॅशनल ट्रेड्स युनियन फेडरेशन आणि ट्रेड युनियन काँग्रेस पुन्हा जवळ आल्या. समझोत्याच्या अटी उद्बोधक आहेत. सर्वसाधारण मंडळात दोन्ही बाजूंना समान जागा मिळाव्यात, राजकीय प्रश्न आणि संपाचे निर्णय तीन-चतुर्थांश बहुमताने व्हावेत, ध्वज लाल असावा पण त्यावर कोयता-हातोडा नसावा, असे ठरले. संख्येचा वाद न सुटल्यामुळे संख्या बाजूला ठेवून समानतेचा संकेत स्वीकारला गेला. चित्राचा वाद न सुटल्यामुळे चिन्हच पुसून टाकले गेले.

४

दोन्ही गटांच्या चित्रांत एक रिकामी जागा राहिली होती. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या गिरण्यांतील विणकामखाते अस्पृश्य कामगारांना बंद का, हा प्रश्न विचारला. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही अशा दोन शत्रूंचा निर्देश केला. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला मुंबई प्रांताच्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ते कम्युनिस्टांबरोबर एका दिवसाच्या संपात उतरले. संघटनांना मान्यता देण्याच्या अटी आणि संपाचा हक्क हाच त्या विधेयकाचा गाभा होता. म्हणजे संघटनेच्या हक्कासाठी ते इतरांच्या बरोबर होते आणि त्या संघटनेने रंगवलेल्या कामगाराच्या चित्राबाबत त्यांच्या विरुद्ध होते. जुलै १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली तीही नागपुरात. १८७७ पासून एम्प्रेस मिलच्या भोंग्यावर चालणाऱ्या आणि दलित कामगारांची मोठी वस्ती असलेल्या या शहरात 'कामगार' ही एकसंध संज्ञा पुरेशी नाही, असे त्या स्थापनेने अप्रत्यक्षपणे सांगितले.

स्वातंत्र्यानंतर संघटनांची संख्या वाढतच गेली. मे १९४७ मध्ये इंटक, डिसेंबर १९४८ मध्ये हिंद मजदूर सभा, जुलै १९५५ मध्ये भारतीय मजदूर संघ स्थापन झाला. हिंद मजदूर सभेचे पहिले अध्यक्ष रा. स. रुईकर हे नागपूरचे. भारतीय मजदूर संघाचे संस्थापक दत्तोपंत ठेंगडी वर्धा जिल्ह्यातील आर्वीचे, त्यांचे कार्यक्षेत्र आरंभी नागपूर आणि मध्य प्रदेश, आणि संघटनकार्याची उमेदवारी इंटकमध्ये झालेली. विदर्भातील कामगाराला आपल्या वतीने बोलणाऱ्यांची वाण कधी पडली नाही.

५

वर्तमानपत्राच्या छापखान्यात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण तेथे कामगार म्हणजे कोण, हेच कायदा ठरवतो. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने संपादक, उपसंपादक, वार्ताहर, व्यंगचित्रकार, वृत्तछायाचित्रकार यांच्याबरोबर मुद्रितशोधकालाही 'श्रमिक पत्रकार' मानले. जुळारी, यंत्रचालक, बांधणी करणारे मात्र त्या व्याख्येबाहेर राहिले; १९७४ च्या दुरुस्तीने त्यांना 'बिगर-पत्रकार कर्मचारी' म्हणून वेतनमंडळाच्या कक्षेत घेतले गेले. ही नकारात्मक संज्ञा लक्षात घेण्याजोगी आहे. जुळवलेला मजकूर वाचून चूक दाखवणारा पत्रकार ठरला. तीच चूक खिळा बदलून दुरुस्त करणारा 'बिगर' ठरला. वाचन हे बौद्धिक आणि जुळवणी ही शारीरिक, असा हा विभाग आहे. वस्तुतः हस्तलिखित वाचल्याशिवाय एकही ओळ जुळत नाही. पण व्याख्येची रेघ एकदा ओढली गेली की तिच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या संघटना उभ्या राहतात, आणि एका छताखालच्या हितसंबंधांना दोन वा तीन प्रवक्ते मिळतात.

संघटनांतील स्पर्धेचा निवाडा करण्यासाठी महाराष्ट्राने १९७१ मध्ये कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा अधिनियम केला. तो १९७५ पासून अमलात आला. किमान ३० टक्के कामगार लगतच्या सहा महिन्यांत सभासद असतील तर संघटना मान्यतेसाठी अर्ज करू शकते, प्रतिस्पर्धी संघटनेला आक्षेप घेता येतो आणि औद्योगिक न्यायालय निर्णय देते, अशी ही व्यवस्था ठरली. गुप्त मतदानाऐवजी सभासदत्वाच्या नोंदींची पडताळणी हा तिचा पाया होता. १९२९ च्या वादात नोंदवहीचा पक्ष घेणाऱ्यांची भूमिका येथे कायद्याचे रूप घेते. तरीही केवळ संख्येवर हा अधिनियम विसंबत नाही. अर्ज कामगारांच्या हितासाठी सद्भावनेने केलेला नसून मालकाच्या हितासाठी केलेला असेल, तर मान्यता नाकारण्याचा आदेश त्यात आहे. अनेक संघटनांपैकी एकीला झुकते माप देणे ही मालकाच्या बाबतीत अनुचित प्रथा मानली आहे. म्हणजे संख्या पुरेशी असूनही प्रतिनिधी खोटा असू शकतो, हे कायद्यालाही मान्य करावे लागले. अर्जाच्या शब्दांमागचा हेतू न्यायालयाने शोधायचा! लेखकाच्या हेतूला समीक्षेने संहितेबाहेर घालवले त्याच शतकात कायद्याने हेतूला मुख्य दाराने आत घेतले. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने वाटाघाटीचा एकमेव अधिकार ५१ टक्क्यांशी जोडून संख्येला आणखी वजन दिले आहे.

हे सर्व चालू असता ज्याच्या प्रतिनिधित्वासाठी झुंज होती, तो जुळारीच नाहीसा होत होता. १९८० च्या दशकाच्या आरंभी नागपुरातील वृत्तपत्रव्यवसायात हातजुळणीची जागा फोटोकंपोझिंग घेऊ लागले. 'लोकमत'मधील अशा बदलातून झालेल्या कामगारकपातीचा वाद उच्च न्यायालयामार्गे सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९९ मध्ये निकाल लागला. ज्या तंत्रबदलातून कपात संभवते, त्याची नोटीस बदल अमलात आणण्यापूर्वी द्यावी लागते, नंतर दिलेली नोटीस पुरेशी नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. तत्त्व महत्त्वाचे होते. पण ते उच्चारले जाईपर्यंत खिळ्यांच्या पेट्या छापखान्यांतून गेल्या होत्या.

६

मार्क्सने 'अठरावा ब्रुमेअर'मध्ये फ्रेंच अल्पभूधारक शेतकऱ्यांविषयी लिहिताना वापरलेल्या जर्मन शब्दांकडे गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८८ च्या आपल्या निबंधात लक्ष वेधले. 'फरट्रेटन' म्हणजे दुसऱ्याच्या जागी उभे राहणे, 'डारश्टेलन' म्हणजे दुसऱ्याचे चित्र उभे करणे; इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे एकीचा अधिकार नकळत दुसरीला मिळतो, हा त्यांचा युक्तिवाद आहे. मराठीत 'प्रतिनिधित्व' आणि 'चित्रण' असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. भाषेने दिलेली ही सोय मराठी समीक्षेने 'प्रातिनिधिक चित्रण' या जोडणीत गमावली. मामा वरेरकरांची 'धावता धोटा' असो की नारायण सुर्व्यांची कविता असो, तिला प्रातिनिधिक म्हणताना समीक्षक ती चांगले चित्र आहे असे म्हणतो, की ती कामगाराच्या जागी उभी राहण्यास पात्र आहे असे म्हणतो, हे संदिग्ध राहते. पहिल्या दाव्याची कसोटी वाङ्मयीन आहे. दुसऱ्या दाव्याला, संघटनेच्या दाव्याप्रमाणेच, आक्षेप घेणारा प्रतिस्पर्धी असू शकतो आणि असला पाहिजे. दलित साहित्याने मराठी साहित्यापुढे नेमका हाच आक्षेप दाखल केला. म्हणूनच त्याचे खंडन केवळ कलामूल्याच्या भाषेत होऊ शकले नाही.

नागपूरचा इतिहास सांगतो की प्रतिस्पर्धी संघटनांचे भांडण हे नेहमीच पुढाऱ्यांच्या महत्त्वाकांक्षेचे भांडण नसते. अनेकदा ते कामगाराच्या दोन चित्रांचे भांडण असते, आणि चित्राचा निवाडा संख्येने करता येत नाही म्हणूनच ते चिघळते. संख्या मोजणे अपरिहार्य आहे. मोजणीपूर्वी कोणाला मोजायचे आणि कोणत्या नावाने, हे ठरलेले असते. 'बिगर-पत्रकार' या शब्दाने जुळाऱ्याविषयी जो निर्णय आधीच देऊन ठेवला, तो कोणत्याही पडताळणीत दिसत नाही. वाङ्मयेतिहासाने मुद्रणाचा विचार आजवर टाइपच्या सुधारणा, मालकांची धडाडी आणि नियतकालिकांचे ध्येयवाद यांच्या अंगाने केला. छापखान्यातील मान्यतेचे अर्ज, प्रतिअर्ज आणि निकाल हीदेखील साहित्यव्यवहाराचीच कागदपत्रे आहेत. जुळाऱ्याचे म्हणणे जेथे थोडेफार नोंदले गेले, ती जागा बहुधा तीच आहे. तेथेही ते वकिलाच्या आणि संघटनेच्या भाषेतून आलेले आहे, हे ध्यानात ठेवूनच ते वाचावे लागेल.