पाण्याचा काटा, तेलाचा काटा

लहानपणी बोरघाटात एस.टी. थांबवून ड्रायव्हर रेडिएटरमध्ये पाणी ओततो, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. इंजिन तापते म्हणजे पाणी तापते, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात बसले. त्या समजुतीची किंमत मी काही वर्षांपूर्वी अल ऐनच्या जेबेल हफीतवर मोजली.

ऑगस्टची दुपार, बाहेर ४५ अंश, शेजारी मुलगा. जुनी स्पोर्ट्स कार मी हौसेने दामटत वर नेली. माथ्यावर थांबताच तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा लुकलुकू लागला. पाण्याचा काटा मात्र मधोमध स्थिर. तेलाच्या तापमानाचा काटा त्या गाडीत नव्हताच. इंजिन लगेच बंद केले. अभियांत्रिकीतली डॉक्टरेट त्या क्षणी काही कामाची नव्हती.

पिस्टनची खालची बाजू आणि क्रँकशाफ्टची बेअरिंगे यांच्यापर्यंत पाणी पोहोचत नाही. तिथली उष्णता तेलच वाहून नेते. तेल फार तापले की पातळ होते, दाब घटतो आणि धातूवर धातू घासू लागतो. पोर्शला हे विसरणे शक्यच नव्हते. १९६४ मध्ये उत्पादन सुरू झालेल्या ९११ गाडीत पाणी नव्हतेच. सारी भिस्त हवेवर आणि तेलावर. ताकद वाढली, तशी १९६९ च्या ९११ एसला पुढच्या उजव्या मडगार्डमध्ये जादा ऑइल कूलर मिळाला. हवेने थंड होणाऱ्या ९११ चे उत्पादन १९९८ साली थांबले.

अमिरातीत हा हिशेब अधिक कडक आहे. कूलरचे काम तेल आणि हवा यांच्या तापमानातील फरकावर चालते. तेल ११० अंश आणि युरोपातली हवा १५ अंश, तर फरक ९५. इथल्या ४५ अंशांत तो ६५. म्हणजे तोच कूलर इथे सुमारे दोन-तृतीयांशच उष्णता काढतो. दुबई ऑटोड्रोमवरील २४ तासांची शर्यत २००६ पासून जानेवारीत भरत आली आहे. अबू धाबीची पहिली फॉर्म्युला वन शर्यतही १ नोव्हेंबर २००९ च्या संध्याकाळी सुरू झाली. हा मोसम निवडताना माणसांचा विचार झाला असेलच. पण तो तेलालाही मानवतो.

पुढे मी तेलाचा काटा आणि थर्मोस्टॅट असलेला कूलर बसवून घेतला. थर्मोस्टॅट अशासाठी, की थंड तेलही बरे नाही. ते दाट असते आणि त्यातला ओलावा उडून जात नाही.

आता गाडी मुलगा चालवतो. एका जानेवारीच्या सकाळी मोकळा रस्ता पाहून मी म्हटले, "दामट की जरा!"

"थांबा बाबा," तो म्हणाला, "तेल अजून साठवरच आहे."