विस्तवाभोवतीचे पाणी

नरकचतुर्दशीच्या पहाटे ज्या घरात अजून तांब्याचा बंब पेटतो, त्या घरातल्या मुलांना मोटारीच्या इंजिनाची अर्धी विद्या आधीच अवगत असते, असे म्हटले तर वाचकांना नवल वाटेल. मधल्या नळकांड्यात विस्तव आणि त्याच्या चहूबाजूंना पाणी, ही बंबाची रचना. इंजिनाच्या सिलिंडरचीही रचना तीच. फरक एवढाच, की बंबात पाणी तापवायचे असते. इंजिनात ते नाइलाजाने तापते आणि पुन्हा निववीत बसावे लागते. इंजिनाची कथा सांगणारे बहुधा आगीचे गुण गातात. पाण्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. आणि ज्यांनी ज्यांनी पाण्याला हिशेबातून वगळले, त्यांना त्यांना ते पुन्हा हिशेबात धरावे लागले.

जर्मनीच्या कार्ल बेंझने १८८६ साली पेटंट घेतलेल्या तीनचाकी मोटारीत पाणी उकळे, वाफ होऊन उडून जाई आणि जाताना उष्णता घेऊन जाई. माठ पाझरून गार होतो, त्यातलाच हा प्रकार. पण रिता झालेला माठ भरावाही लागतो. १८८८ च्या ऑगस्टात बेंझची पत्नी बेर्टा नवऱ्याला न सांगता दोन मुलांसह ही मोटार घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. शंभरावर किलोमीटरांचा रस्ता. इंधन तिने वाटेतल्या औषधांच्या दुकानातून घेतले, ही गोष्ट सगळे सांगतात. पण वाटेत मिळेल तिथे तिला पाणीही भरावे लागले होते. पहिल्या लांब पल्ल्याच्या मोटारप्रवासात तहान लागली ती अशी इंजिनाला!

या तहानेवर तोड काढायला रुडॉल्फ डीझेल पुढे आला. मौज अशी, की हा गृहस्थ मूळचा थंडीच्या धंद्यातला. प्रसिद्ध शास्त्रज्ञ लिंडे यांच्या बर्फयंत्रांचे काम तो करीत असे. इंधनातली उष्णता पाण्यात का दवडावी, असा त्याचा सवाल होता. सिलिंडर निववण्याची गरजच पडू नये, असे इंजिन त्याने कागदावर मांडले आणि १८९३ साली आउग्सबुर्गच्या कारखान्यात ते उभे केले. पाण्याचे कवच त्याला नव्हते. पहिल्याच स्फोटात दाब मोजण्याचे उपकरण फुटून उडाले. पुढे वर्षांमागून वर्षे फेरफार होत गेले. १८९७ साली ज्या इंजिनाने डीझेलचे नाव जगभर नेले, त्या इंजिनाला पाण्याचे कवच होते! इंधनातल्या उष्णतेपैकी शेकडा सव्वीस भाग ते कामी लावी. त्या काळी हा पराक्रमच होता; पण उरलेला भाग कुठे तरी जायला हवा होता, आणि त्यातला मोठा वाटा पाण्यातूनच जाणार होता.

मग शहाणपण कशात? पाणी टाळण्यात नव्हे, तर थोड्या पाण्याकडून पुष्कळ काम करून घेण्यात. हे ओळखले विल्हेल्म मायबाखने. १९०१ च्या मर्सिडीज गाडीसाठी त्याने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर रचला. त्यात सहा मिलिमीटर रुंदीच्या चौकोनी नळ्या होत्या ८,०७०. नळ्यांतून वारा जाई, त्यांच्याभोवतीच्या फटींतून पाणी. एवढ्या योजनेने नऊ लिटर पाण्यात पस्तीस अश्वशक्तींच्या इंजिनाचे भागले. पुढे फोर्डने आपल्या लोकप्रिय ‘मॉडेल टी’ गाडीत पंपालाही फाटा दिला: ऊन पाणी आपोआप वर चढते, गार पाणी खाली उतरते, एवढ्यावरच गाडी धावे. पण इंजिने थोराड झाली तसा पंप परत आला. रेडिएटरवर प्रेशर कुकरसारखे दाब धरणारे झाकणही बसले. चौरस इंचावर पंधरा पौंडांचा जादा दाब असला, तर पाणी शंभराऐवजी साधारण एकशेवीस अंशांवर उकळते.

तरीही डीझेलचे स्वप्न मेले नव्हते. १९८० नंतर अमेरिकेतल्या कमिन्स कंपनीने तिथल्या लष्कराच्या मदतीने सिरॅमिकचे अस्तर लावलेले, न निववायचे इंजिन तयार केले. पाच टनी लष्करी ट्रक त्यांनी रेडिएटरशिवाय चालवूनही दाखवला. पण तापलेल्या सिलिंडरात हवा कमी मावते, तेल टिकत नाही, आणि वाचवलेली उष्णता बव्हंशी धुराड्यातून निघून जाते. तो ट्रक बाजारात कधी आला नाही.

आला तो दुसराच. पुणेकरांना हे नाव परके नाही. किर्लोस्कर कमिन्सची स्थापना पुण्यात १९६२ सालीच झाली होती. तर याच कंपनीचे, शेतीच्या यंत्रांतही चालणारे, सहा सिलिंडरांचे ५.९ लिटरचे डीझेल इंजिन १९८९ च्या डॉज पिकअपमध्ये बसले. पिकअप म्हणजे मागे उघडा हौदा असलेली लहान मालगाडी. अश्वशक्ती १६०, आणि अर्थात पाण्याने निववलेले. गुरांची नाहीतर गवताची गाडी मागे जोडून चढ चढणाऱ्या शेतकऱ्याला ते मानवले. या इंजिनात टर्बोचार्जर जादा हवा कोंबी. पण कोंबलेली हवा तापते. म्हणून १९९१ मध्ये ती हवा गार करणारी आणखी एक जाळी, इंटरकूलर, रेडिएटरच्या पुढे बसवण्यात आली.

या गाड्या आता तिशी ओलांडून गेल्या, पण पुष्कळ मालकांनी त्या सोडल्या नाहीत. जुन्या गाडीला नवा इंटरकूलर लावायचा, इंधन थोडे अधिक सोडायचे आणि जोर वाढवायचा, असा त्यांचा बेत असतो. इथेच इतिहास पुन्हा उभा राहतो. जोर वाढला की तापही वाढतो. असले इंजिन पूर्ण ओझ्यावर असताना घरगुती चाळीस-पन्नास गीझरांइतकी उष्णता पाण्यात ओतते. शिवाय पुढे इंटरकूलर आला, की रेडिएटरला मिळणारा वारा आधीच ऊन झालेला असतो. म्हणून रेडिएटर मोठा हवा. तो मावण्यासाठी पुढची चौकट बदलायला हवी. पंखा आणि त्याभोवतीचा घेर जाळीशी जुळायला हवा, नाहीतर पंखा तीच ती हवा घुसळीत बसतो. नळ्यांची तोंडे एकमेकांच्या मापाची हवीत, आणि भरताना आत हवा कोंडता कामा नये.

काही मिस्त्री सोपी वाट काढतात: थर्मोस्टॅट काढून टाकतात. त्याने रोग जात नाही. उलट इंजिन वेळेवर तापत नाही आणि झिजते. कोणी जास्त दाबाचे झाकण लावतात. मग जुन्या रेडिएटरचे डाख उकलतात. चढावर, मागे ओझे असताना पाणी उकळले, तर हेड वाकते, गॅसकेट जाते, आणि जोर वाढवायला निघालेला मालक रस्त्याच्या कडेला उभा राहतो. त्या दिवसाची कमाई तर बुडतेच. कधी कधी इंजिनही हातचे जाते.

असल्या वेळी जाणता फिटर इंजिनाला हात लावण्यापूर्वी रेडिएटरपुढे वाकतो, जाळीत अडकलेली धूळ आणि किडे पाहतो, नळी दाबून बघतो. इंजिनाचे काम त्याच्या पुढे. मायबाखने ८,०७० नळ्या जोडल्या त्या याच क्रमाने विचार करून. आणि डीझेलसारख्या बुद्धिमान माणसालाही तो क्रम शिकायला काही वर्षे द्यावी लागली.