आखाडा, कवायत, शिकवणी : नांदेड-लातूरमधील शारीरिक शिक्षण (थ्रेड)

१९३७ साली मुंबई प्रांताने शारीरिक शिक्षणाच्या विचारासाठी स्वामी कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुढच्याच वर्षी कांदिवलीला व्यायामशिक्षकांची प्रशिक्षण संस्था उभी राहिली.

नांदेड आणि लातूर या घडामोडींच्या कक्षेबाहेर होते. येथे निजामाची राजवट होती आणि माध्यमिक शिक्षण उर्दूतून चाले. खाजगी शाळांप्रमाणे आखाड्यांवरही सरकारी निर्बंध होते. दंड-बैठका काढणारी मुले राज्यकर्त्यांना संशयास्पद वाटावीत, यातच त्या काळातील व्यायामाचा राजकीय अर्थ दिसतो. १९३८-३९ च्या आर्य समाजाच्या सत्याग्रहामागे ही सलही होती.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि त्या राज्याची शालेय चौकट इकडेही लागू झाली. ‘पी.टी.’चा तास म्हणजे कवायत, लेझीम आणि शिट्टीच्या तालावर हलणाऱ्या रांगा.

खरी शरीरविद्या मात्र शाळेबाहेरच वाढली. नांदेडला होला महल्ल्यात गतका खेळला जातो. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार ‘रुस्तुम-ए-हिंद’ झाले ते कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत घडून.

पुढे ‘लातूर पॅटर्न’ने गुणांची शर्यत सुरू केली. नांदेडही शिकवण्यांचे शहर बनले. सर्वाधिक आक्रसले ते मैदान. दहावी-बारावीच्या खेळाडूंना राज्य शासन सवलतीचे गुण देते. मैदानावरचा घामही अखेर गुणपत्रिकेतच मोजला जातो.