बांधाखालची माणसे

धरणांविषयी बोलण्याचा अधिकार खरा इंजिनिअरांचा. आम्ही इंजिनिअर नाही. आमची उमेद गेली ती कामगारांच्या चाळींत आणि कारखान्यांच्या दारांवर. परंतु तेथे एक गोष्ट आम्ही शिकलो. बॉयलर मालकाचा असतो, पण तो फुटला म्हणजे मरतो फायरमन. म्हणूनच १९२३ च्या बॉयलर कायद्याने त्याची तपासणी मालकाच्या मर्जीवर ठेवली नाही. दाखला नसेल तर बॉयलर पेटवावयाचा नाही, असा नियम झाला. आता कोणी पिकाच्या पाण्यासाठी आपल्या जमिनीत मातीचे धरण बांधले, तर त्यालाही असा नियम लागावा की नाही? हाच आमचा आजचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर आम्ही इतिहासाला विचारणार आहो.

मातीचे धरण दिसावयास साधे असते. पोटात चिकणमातीचा गाभा, दोहों अंगांना भराव, पाण्याच्या बाजूस दगडी पिचिंग, जादा पाण्यासाठी सांडवा आणि तळाशी मोरी. त्याचे शत्रू मुख्यतः दोन. माथ्यावरून पाणी वाहू लागले की ते भराव कापीत जाते आणि काही तासांत बांध संपतो. दुसरा शत्रू पाझर. झिरपणारे पाणी गढूळ येऊ लागले म्हणजे धरणाच्या पोटातली माती वाहून चालली आहे असे समजावे. तेव्हा सांडवा मोकळा, माथा पुरेसा उंच, मोरी चालू आणि पाझरावर नजर, एवढ्या चार गोष्टी सांभाळावयाच्या. त्यांना खर्च आहे आणि त्यांतून मिळकत काही नाही. नेमका येथेच मालकाचा हात आखडतो.

या चारही गोष्टींची हेळसांड एकाच ठिकाणी कशी झाली, हे पाहावयाचे तर अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात जावे लागेल. साउथ फोर्कचे धरण शेतीचे नव्हते, पण बांध मातीचा होता आणि मालकी खासगी. सुमारे ७२ फूट उंचीचे हे धरण सरकारने कालव्याच्या नौकांसाठी बांधले आणि १८५३ मध्ये पुरे केले. रेल्वे आली, कालवा निरुपयोगी झाला आणि धरण विकले गेले. १८६२ मध्ये ते एकदा फुटले, पण पाणी कमी असल्याने निभावले. पुढच्या एका मालकाने तळाच्या लोखंडी नळ्या काढून मोडीत विकल्या. म्हणजे पाणी उतरवण्याची वाटच बंद झाली. १८७९ मध्ये ते श्रीमंतांच्या एका क्लबाकडे आले. कार्नेगी व फ्रिक यांच्यासारखे पोलादाचे धनी त्याचे सभासद होते. गाड्यांना रस्ता रुंद हवा म्हणून क्लबाने माथा दोनतीन फूट खाली आणला, आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या.

धरणाखाली चौदा मैलांवर जॉन्सटाउन हे पोलाद कामगारांचे गाव होते. तेथील लोखंड कारखान्याचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांनी १८८० मध्ये आपला इंजिनिअर धरण पाहावयास पाठविला. नळ्या नाहीत आणि जुनी दुरुस्ती कच्ची आहे, असा त्याने अहवाल दिला. मॉरेल खर्चाचा वाटाही उचलावयास तयार होते. क्लबाचे उत्तर आले की तुम्हांस काही धोका नाही. मॉरेल हे आमच्यासारख्यांचे मित्र नव्हते, कामगार संघटना त्यांना खपत नसे. पण या कामी ते बरोबर होते. मात्र मालकाला भाग पाडणारा अधिकारी त्यांच्या हाताशी नव्हता.

३१ मे १८८९ रोजी मुसळधार पावसाने तलाव भरला. सकाळपासून मजूर माथ्यावर माती टाकीत होते. जाळ्यांत कचरा अडकून सांडवा तुंबला होता. खाली इशाऱ्याच्या तारा गेल्या, पण ‘धरण फुटणार’ ही हाकाटी गावाने इतक्यांदा ऐकली होती की कोणी फारसे मनावर घेतले नाही. दुपारी तीनच्या सुमारास बांध फुटला आणि तासाभरात पाणी गावात आले. दोन हजार दोनशेंहून अधिक माणसे मेली. न्यायालयात क्लबाकडून पीडितांना भरपाई मिळाली नाही. ती ईश्वरी आपत्ती ठरली. कार्नेगींनी पुढे गावाला ग्रंथालय बांधून दिले. दान मिळाले, न्याय नाही. मूळ उंची आणि मूळ सांडवे तसेच राहते तर धरण त्या पुरात टिकले असते, असा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने काढला आहे.

ही जुनी गोष्ट झाली म्हणावे, तर ९ मे २०१८ ची रात्र आठवा. केनियात सोलाई येथे एका खासगी मळ्यातले सिंचनाचे मातीचे धरण पावसात फुटले आणि अठ्ठेचाळीस माणसे गेली. त्यांत मुले पुष्कळ होती. त्या मळ्यातील धरणांना परवाना नव्हता, असे नंतर जलखात्याने सांगितले. पीक मालकाचे, आणि बांधाखाली निजलेली मुले दुसऱ्यांची!

मालक सरकार असले म्हणजे सारे ठीक, असेही आम्ही म्हणत नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यात तिवरे धरण फुटले, ते सरकारीच होते. आणि गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. प्रश्न मालक कोण हा नाही, खालच्या माणसाचे ऐकणे कोणावर बंधनकारक आहे, हा आहे.

आपल्याकडे २०२१ मध्ये धरण सुरक्षा कायदा झाला, हे चांगले झाले. पण तो पंधरा मीटरहून उंच धरणांना आणि दहा ते पंधरा मीटरांच्या, काही अटींत बसणाऱ्या धरणांनाच लागतो. त्याहून लहान बांध बाहेर राहिले. धोका मात्र केवळ बांधाच्या उंचीवरून मोजता येत नाही; खाली किती घरे आहेत हेही मोजावे लागते. म्हणून आमचे मागणे थोडके आहे. प्रत्येक बांधाची ग्रामपंचायतीत नोंद असावी, पावसाळ्यापूर्वी मालकाव्यतिरिक्त दुसऱ्या जाणत्याने तो पाहावा, आणि खाली राहणाऱ्यांना बांधावर जाऊन पाझर पाहण्याचा हक्क असावा. फायरमनला जे मिळाले ते बांधाखालच्या शेतमजुराला मिळावे, इतकेच.