पंच कार्डांपासून एआयपर्यंत : श्रमाची कसोटी

कॅथलिक चर्चने कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी घेतलेली भूमिका समजून घ्यायची तर सुरुवात संगणकापासून न करता कारखान्यापासून करावी लागते. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोपनी लिओ चौदावे हे नाव घेतले आणि दोनच दिवसांनी कार्डिनलांना त्यामागचे कारण सांगितले. तेराव्या लिओंनी १८९१ मध्ये ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकाद्वारे यंत्रयुगातील कामगारांचा प्रश्न हाती घेतला होता. आज एआयमुळे मानवी प्रतिष्ठा, न्याय आणि श्रम यांच्यापुढे तसेच आव्हान उभे आहे, असे चौदाव्या लिओंचे म्हणणे. हा धागा महत्त्वाचा आहे. या परंपरेत यंत्राची परीक्षा ते किती हुशार आहे यावर होत नाही. त्याच्यापाशी राबणाऱ्या माणसाचे काय होते, यावर होते. तेराव्या लिओंनी न्याय्य वेतनाचा आणि संघटनेचा हक्क मांडला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’मध्ये तो विचार पुढे नेला : कामाचे मोल मुळात ते करणाऱ्या व्यक्तीमुळे असते, तंत्रज्ञान माणसाचा सोबती आहे, पण कामातले समाधान आणि जबाबदारी त्याने हिरावली तर ते वैरी ठरते. ही कसोटी सर्वांत आधी चर्चच्या स्वतःच्या संगणक-इतिहासाला लावून पाहिली पाहिजे, असे माझे मत आहे.

तो इतिहास बराच जुना आहे. भाषेच्या अभ्यासाला यंत्र जुंपणाऱ्या पहिल्या संशोधकांत इटलीतील येशूसंघी धर्मगुरू रोबेर्तो बुझा (१९१३–२०११) यांची गणना होते. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांच्या लॅटिन लेखनात ‘सान्निध्य’ ही कल्पना शोधताना बुझांना आढळले की तिचा अर्थ क्षुल्लक वाटणाऱ्या छोट्या शब्दांत दडलेला आहे, आणि त्या शब्दांच्या मागावर त्यांनी सुमारे दहा हजार कार्डे हाताने लिहिली. अक्वायनस यांच्या सगळ्या ग्रंथांची शब्दसूची अशी हाताने होणे शक्य नव्हते. म्हणून १९४९ मध्ये ते न्यूयॉर्कला जाऊन आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटले आणि त्यांची मदत मिळवली. त्यातून उभी राहिलेली ‘इंडेक्स थोमिस्टिकस’ ही शब्दसूची १९७४ ते १९८० या काळात ५६ खंडांत छापली गेली. एक कोटीहून अधिक शब्दांचा हा पसारा पंच कार्डांवर, म्हणजे छिद्रांच्या रूपात माहिती नोंदवणाऱ्या कार्डांवर, उतरवण्याचे आणि तपासण्याचे काम मिलानजवळच्या गल्लाराते येथे मुख्यतः तरुण मुलींनी केले. लॅटिन न जाणणाऱ्या मुली अधिक सावधपणे काम करतात आणि त्यांच्या चुका कमी होतात, असा बुझांचा अनुभव होता. म्हणजे काम अचूक व्हावे म्हणून, ते करणाऱ्याला त्याचा अर्थ कळत नाही हीच गोष्ट सोयीची ठरली. प्रकल्पाचा इतिहास लिहिताना बुझा आणि वॉटसन यांची नावे ठळक राहिली. जुन्या छायाचित्रांत यंत्रांपुढे बसलेल्या मुली मात्र बराच काळ अनामच होत्या. ज्युलियन नायहन यांच्यासारख्या संशोधकांनी अलीकडे त्यांच्यापैकी काहींच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा कुठे त्यांच्या श्रमांची दखल घेतली जाऊ लागली.

यावर कोणी म्हणेल की त्या काळच्या मुलींना प्रशिक्षण मिळाले, नव्या यंत्रावर हात बसला, त्यात तक्रार कसली? प्रशिक्षण मिळाले हे खरेच, आणि बुझांच्या हेतूविषयी शंका घेण्याचेही कारण नाही. पण हेतू शुद्ध असूनही राबणारा माणूस नजरेआड होतो, हेच गल्लाराते दाखवते. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे : ‘रेरुम नोव्हारुम’ कम्युनिस्ट जाहीरनाम्यानंतर ४३ वर्षांनी आले, उशिरा जागे होणाऱ्या आणि स्वतःच्या घरात चुकणाऱ्या संस्थेने इतरांना नीती का शिकवावी? उशीर मान्यच करावा लागतो. मात्र चर्चची चूक आपण ज्या मापाने मोजतो ते माप या शिकवणीतही आहे. ते पाळण्यात कसूर झाली म्हणून माप खोटे ठरत नाही. तिसरा आक्षेप असा की आजचे एआय स्वतः शिकते, तिथे कार्डे छिद्रणारे हात नाहीत. वस्तुस्थिती वेगळी आहे. चित्रांना नावे देणे, हिंसक आणि किळसवाणा मजकूर वाचून वेगळा काढणे, उत्तरांची प्रत ठरवणे ही कामे केनिया, फिलिपिन्स आणि भारतातही माणसेच करतात. कित्येकदा आपण कोणासाठी आणि कशासाठी काम करतो, हे त्यांना ठाऊक नसते.

या माणसांची दखल चर्चने कितपत घेतली? फेब्रुवारी २०२० मध्ये व्हॅटिकनच्या पुढाकाराने ‘रोम कॉल’ या एआयविषयक नीतिसंहितेवर सह्या झाल्या. पहिल्या स्वाक्षरीकर्त्यांत मायक्रोसॉफ्ट होती आणि बुझांना साथ देणारी आयबीएमही होती. पारदर्शकता, समावेश, उत्तरदायित्व, निःपक्षपात, विश्वासार्हता आणि सुरक्षितता-खासगीपणा ही तिची सहा तत्त्वे मोलाची आहेत, पण त्यांत श्रमाला स्वतंत्र स्थान नाही. २८ जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे संत थॉमस यांच्याच स्मरणदिनी, निघालेल्या व्हॅटिकनच्या ‘अँटिक्वा एट नोव्हा’ या दस्तऐवजाने ही उणीव काही अंशी भरून काढली. एआयमुळे कामगाराचे कौशल्य घटू शकते, त्याच्यावर यांत्रिक पाळत बसू शकते, त्याच्या वाट्याला तेच ते काम येऊ शकते, असे त्यात बजावले आहे; निर्णयाची नैतिक जबाबदारी माणसाचीच राहते, हेही स्पष्ट केले आहे. आता हा विचार व्यवहारात उतरला पाहिजे. जगभर कॅथलिक संस्थांच्या शाळा, महाविद्यालये आणि रुग्णालये आहेत, आणि त्या एआयच्या मोठ्या ग्राहक होणार आहेत. करारावर सही करण्यापूर्वी त्यांनी विक्रेत्याला विचारावे : या यंत्राला शिकवणारी माणसे कोण, त्यांना किती वेतन मिळते, आपण काय घडवत आहोत हे त्यांना सांगितले आहे का? समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर ते यंत्र विकत घेऊ नये.