एका चट्ट्याच्या नांवाचा इतिहास

दारव्ह्यासारख्या कापसाच्या गांवीं कोणाच्या अंगावर पांढुरका चट्टा उठला, म्हणजे घरांतील वडील मंडळींच्या मनांत बहुधा दोनच नांवें येतात: कोड, नाहीं तर महारोग. अडचण येथेंच आहे.

कारण असाही एक विकार आहे कीं, ज्यांत कातडी रंग बदलते व तेवढ्याच जागीं ताठ होते. प्रथम तांबूस-जांभळा डाग पडतो. पुढें त्याचा मध्यभाग हस्तिदंतासारखा पिवळट, गुळगुळीत व हातास कठीण लागूं लागतो. तेथील केस झडतात, घाम सुटत नाहीं. डॉक्टर यास मॉर्फिया म्हणतात. अफूपासून निघणाऱ्या औषधाशीं याचा नांवापलीकडे संबंध नाहीं.

हें नांवही निष्कलंक नव्हे. मध्ययुगीन युरोपांत हा लॅटिन शब्द महारोगाच्या गोत्रांतील समजल्या जाणाऱ्या चट्ट्यांना लावीत. १७५३ सालीं नेपल्सच्या कुर्त्सिओनें कातडी ताठ झालेल्या एका तरुणीची हकीकत प्रसिद्ध केली. १८४७ त फ्रान्सच्या जिंत्राकनें 'स्क्लेरोडर्मी' हें नांव दिलें. १८५४ त लंडनच्या थॉमस अ‍ॅडिसननें असे चट्टे 'खरा केलॉइड' म्हणून वर्णिले. पुढें ते केलॉइडपासून निराळे काढण्यांत आले. १८७३ त नॉर्वेच्या हॅन्सेननें महारोगाचा जंतु पाहिला. तेव्हां एकास जंतु आहे व दुसऱ्यास नाहीं, हें स्पष्ट व्हावयास हरकत नव्हती.

ग्रंथांतील हा भेद घरोघर मात्र पोंचला नाहीं. महारोग्यास घरांत थारा नसे, म्हणून विदर्भांत १९३६ त मनोहरजी दिवाणांचें दत्तपूर, १९४६ त अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचें तपोवन व १९४९ त बाबा आमट्यांचें आनंदवन उभें राहिलें. १८९८ चा महारोग्यांविषयींचा कायदा २०१६ त रद्द झाला. हिंदु विवाह कायद्यांत तर महारोग हें घटस्फोटाचें कारण २०१९ पर्यंत होतें. म्हणजे चट्ट्यास चुकीचें नांव पडणें, ही एखाद्या सुनेच्या संसाराचीच गोष्ट होती. वस्तुतः महारोगही आज बहुधा सहा ते बारा महिन्यांच्या औषधांनीं बरा होतो.

महारोगाच्या चट्ट्यावरून कापसाचा धागा फिरविला, तर पुष्कळदां तो कळत नाहीं. मॉर्फियांत संवेदना बहुतेक शाबूत असते. तथापि केवळ धाग्यावर निकाल देऊं नये. शंका असल्यास डॉक्टर कातडीचा बारीक तुकडा काढून तपासतात. मॉर्फिया स्पर्शानें पसरत नाहीं. शरीराची संरक्षकशक्ति आपल्याच कातडीवर उलटते व तेथें कोलॅजन नांवाचें तंतुमय द्रव्य प्रमाणाबाहेर सांचतें, असें मानतात. पुष्कळ चट्टे तीन ते पांच वर्षांत आपोआप मऊ पडतात; मागें काळसर डाग राहतो.

मुलांची गोष्ट निराळी. त्यांच्यांत तो पुष्कळदां हातापायावर पट्ट्यासारखा उतरतो, किंवा कपाळावर तलवारीच्या वारासारखी खांच पाडतो. अशा वेळीं मेथोट्रेक्सेट व स्टेरॉइड हीं औषधें लौकर सुरू करावीं लागतात. लोकलज्जेस्तव लांब बाह्यांखालीं तो पट्टा वर्षभर झांकून ठेवला, तर सांधा आंखडतो आणि मूल वाढत असतां त्याचा तेवढा हात मागें राहूं शकतो.