मनगटी घड्याळ : गरज आणि इतिहास

मोबाइल फोन प्रत्येकाच्या खिशात आलेला असताना मनगटावर घड्याळ बांधण्याची आता काही गरज उरली आहे काय, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. वसंतातील अशा ज्ञानसत्रांना राजकारण, समाजसुधारणा, अर्थकारण अशा भारदस्त विषयांची परंपरा आहे. तीत घड्याळासारखा किरकोळ विषय कोठून आला, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्या शंकेच्या निरसनाचे काम आम्ही इतिहासावरच सोपवितो.

या प्रश्नाची दोन उत्तरे बहुधा तयार असतात. तरुण मंडळी म्हणतात, फोनमध्ये वेळ दिसते, मग हातावर आणखी एक ओझे कशाला? वडीलधारी मंडळी म्हणतात, घड्याळावाचून हात कसा ओका ओका दिसतो, आणि घड्याळ गेले की माणसाचा वक्तशीरपणाही जातो. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. घड्याळ हे किती वाजले ते सांगणारे यंत्र, एवढेच दोन्ही पक्ष धरून चालतात. परंतु घड्याळाचा इतिहास चाळू लागले की 'किती वाजले' या प्रश्नाच्या जोडीला दुसरा एक प्रश्न वारंवार उभा राहिलेला दिसतो. वेळ मोजण्याचा अधिकार कोणाच्या हाती, हा तो प्रश्न होय. मनगटी घड्याळाची गरज काय, हे त्याच्या उत्तरावाचून ठरविता येणार नाही.

आपल्याकडील जुनी व्यवस्था प्रथम पाहू. तांब्याची एक वाटी, तिच्या बुडाला बारीक छिद्र. ही वाटी पाण्याने भरलेल्या पात्रात सोडावयाची. छिद्रातून पाणी आत शिरत शिरत वाटी बुडाली की एक घटका झाली. घटका म्हणजे आजची २४ मिनिटे, आणि अशा ६० घटकांचे एक अहोरात्र. 'घड्याळ' या शब्दाच्या पोटात ही घटकाच बसलेली आहे. लग्नाच्या मांडवात घटिकापात्र मांडून मुहूर्त साधण्याची चाल आपल्याकडे पुष्कळ काळ होती, आणि 'घटका भरली' हा वाक्प्रचार अजूनही आपल्या तोंडी आहे. या व्यवस्थेत वेळ ही कोणा एकाची मालमत्ता नव्हती. वाटी बुडाली हे मांडवातील चार माणसे डोळ्यांनी पाहत. शेतकऱ्याला तर तेवढ्याचीही जरूर नसे. डोक्यावर आलेला सूर्य आणि पायाशी आलेली सावली त्याला पुरत असे.

पुढे इंग्रजी अमदानीत वेळ उंच मनोऱ्यावर चढली. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा १८७८ साली पुरा झाला. व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी दोन लाख रुपये दिले आणि आपल्या मातोश्रींचे नाव त्याला लाभले. त्या मातोश्रींना दिसत नसे, सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा जैन नियम त्यांना पाळावयाचा असे, आणि मनोऱ्याच्या टोल्यांनी त्यांची ती अडचण दूर झाली, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, सामान्य मुंबईकर आता मान वर करून वेळ पाहू लागला.

परंतु मनोऱ्यावर कोणती वेळ दाखवावयाची, यावरून लवकरच तंटा उपस्थित झाला. मुंबईची स्वतःची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या सुमारे ४ तास ५१ मिनिटे पुढे होती. मद्रासची वेळ मुंबईच्या अर्धा तास पुढे, आणि आगगाड्या चालत त्या मद्रासच्या वेळेवर. ज्यांचे नाव पुण्यातील फर्ग्युसन महाविद्यालयाला आहे ते गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी १८८१ साली मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांना मद्रासची वेळ लागू केली. लोकांना हे रुचले नाही. विद्यापीठाने आपले घड्याळ मुंबईच्याच वेळेवर ठेविले, तेव्हा सरकारने त्या घड्याळाच्या दिवाबत्तीचा खर्च देण्याचे नाकारले. रात्रीच्या अंधारात घड्याळ दिसले नाही तरी चालेल, पण ते आमचीच वेळ दाखवील, असा हा बाणा होता. अखेर मद्रासची वेळ मुंबईत टिकली नाही.

दुसरा तंटा याहून मोठा आहे. १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे अशी प्रमाण वेळ देशात लागू झाली. मुंबईच्या वेळेहून ती सुमारे ३९ मिनिटे पुढे होती. कचेरीतल्या साहेबाला ३९ मिनिटांचे काय वाटणार? पण गिरणीतल्या कामगाराच्या बाजूने हिशोब मांडून पाहा. गिरणीचा भोंगा सकाळी ६ ला होत असेल, तर नव्या वेळेचे ६ म्हणजे जुन्या वेळेचे ५ वाजून २१ मिनिटे. काळोखात उठणारा माणूस आणखी काळोखात उठावयाचा! सुटीही तेवढीच लवकर होईल, असे त्याला सांगता आले असते. पण त्याने ते मानावे कोणत्या भरवशावर? विजेचे दिवे आल्यापासून काही गिरण्या रात्री उशिरापर्यंत चालू लागल्या होत्या आणि १९०५ साली त्यावरून संपही झाले होते. प्रौढ पुरुषाच्या कामाला बारा तासांची मर्यादा घालणारा कायदा १९११ साली व्हावयाचा होता. त्यामुळे जानेवारी १९०६ मध्ये हजारो गिरणी कामगार नव्या वेळेविरुद्ध काम सोडून बाहेर पडले आणि दगडफेकही झाली, याचे आम्हांस नवल वाटत नाही. महापालिकेत सर फिरोजशहा मेहता यांच्यासारखे पुढारी विरोधात होते. पालिकेने त्याच वर्षी मुंबईची वेळ पुन्हा पत्करली आणि ती थेट १९५० पर्यंत चालविली. चव्वेचाळीस वर्षे एका शहरात दोन वेळा नांदल्या. निमंत्रण द्यावयाचे तर वेळ स्टँडर्ड की मुंबईची, हे स्पष्ट करावे लागे.

या कामगारांचे दुःख नीट समजून घेतले पाहिजे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून ज्या मागण्या पुढे मांडल्या, त्या बहुतेक वेळेविषयीच्या होत्या : आठवड्यास एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामास आरंभ सकाळी साडेसहाला आणि शेवट सूर्यास्ताला. रविवारची सुटी पदरात पडावयास १८९० साल उजाडावे लागले. हा सारा झगडा मिनिटांचा होता, आणि मिनिटे मोजण्याचे साधन मात्र एकाच पक्षाकडे होते. कामगाराच्या खोलीत घड्याळ नव्हते. त्याची वेळ म्हणजे मालकाचा भोंगा.

ही गोष्ट मुंबईपुरती नव्हती. स्कॉटलंडमधील डंडी शहराच्या गिरण्यांतील आयुष्याची हकीकत सांगणारे एक पुस्तक १८५० साली प्रसिद्ध झाले. घड्याळे सकाळी पुढे आणि रात्री मागे सारून मजुरांकडून जादा काम कसे काढून घेत, ते त्यात सांगितले आहे. मजुरांना हे कळत असे, पण स्वतःचे घड्याळ बाळगण्याची त्यांना भीती वाटे. घड्याळातले फार कळू लागलेल्या माणसाला कामावरून काढून टाकीत. इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी १९६७ साली लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात हा दाखला पुढे आणिला. मजुराच्या खिशातले घड्याळ म्हणजे मालकाविरुद्धचा साक्षीदार, हे मालकाला पक्के ठाऊक होते.

आता मनगटाकडे वळू. खिशातले साखळीचे घड्याळ ही प्रतिष्ठितांची वस्तू होती. आपल्याकडील वकील-सावकारांच्या जुन्या तसबिरींत कोटावरची ती साखळी अजून दिसते. मनगटावरचे घड्याळ मात्र बराच काळ बायकी दागिना समजले जाई. पॅरिसचा नामांकित कारागीर ब्रेगे याने नेपल्सच्या राणीसाठी १८१० साली एक मनगटी घड्याळ करावयास घेतले आणि १८१२ साली पुरे केले. पुरुषांनी ही वस्तू उचलली ती रणांगणावर. दक्षिण आफ्रिकेतील १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात इंग्रज अधिकारी खिशातली घड्याळे चामड्याच्या पट्ट्यात बसवून मनगटावर बांधू लागले. एका हाती लगाम आणि दुसऱ्या हाती शस्त्र असताना खिसा चाचपावयास सवड कोठली? पहिल्या महायुद्धात तर हे घड्याळ जीवनमरणाची वस्तू झाले. तोफांचा मारा ठरल्या मिनिटाला पुढे सरकावयाचा आणि त्याच्यामागून पायदळाने चालावयाचे. मिनिटाची चूक म्हणजे आपल्याच तोफांखाली मृत्यू. १ जुलै १९१६ रोजी सकाळी साडेसात वाजता सोमच्या आघाडीवर इंग्रज पलटणी खंदकांतून बाहेर पडल्या, त्या अधिकाऱ्यांच्या जुळवून घेतलेल्या घड्याळांवर नजर ठेवून. युद्ध संपले, शिपाई घरी परतले, पण मनगटावरचा पट्टा तसाच राहिला. बायकी म्हणून हिणविलेली वस्तू मर्दपणाची खूण ठरली, ही इतिहासाची एक गंमतच होय.

आपल्या देशात मनगटी घड्याळ सामान्य घरात पोचले ते स्वातंत्र्यानंतर. हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कारखान्याने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ साली बंगलोरला घड्याळे बनविण्यास आरंभ केला. मुलगा मॅट्रिक झाला की वडिलांनी घड्याळ द्यावे, सासऱ्याने जावयाच्या हातावर बांधावे, हे आमच्या पिढीतील अनेकांना आठवत असेल. रोज सकाळी घड्याळाला चावी द्यावयाची आणि आकाशवाणीच्या ठोक्यांवर ते लावून घ्यावयाचे, हा घरोघरचा नेम होता. आमच्या मते या साध्या नेमाला सामाजिक इतिहासात मोठे स्थान आहे. लोखंड्यांच्या काळात ज्याला भोंग्यावर विसंबावे लागे, त्याच्या नातवाच्या हातावर आता स्वतःचे घड्याळ आले. पाळी कधी सुरू झाली, कधी संपली, जादा काम किती झाले, हे तो स्वतःच्या मनगटाकडे पाहून सांगू शकत होता. भोंगा चुकला तर भोंगा चुकला असे म्हणण्याची सोय त्याला प्रथमच झाली.

यानंतरची हकीकत थोडक्यात सांगतो. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइको कंपनीने सेकंदाला ८,१९२ कंपने करणाऱ्या क्वार्ट्झ स्फटिकावर चालणारे मनगटी घड्याळ बाजारात आणिले. चावी गेली, अचूकपणा वाढला, पुढे किंमत उतरली, आणि स्वित्झर्लंडमधील हजारो कारागिरांचे काम गेले. आपल्याकडे १९८४ साली स्थापन झालेल्या टायटनने क्वार्ट्झची बाजू धरली. हिंदुस्थान मशीन टूल्सचा घड्याळांचा व्यवसाय मागे पडत गेला आणि २०१६ साली तो बंद करण्याचा निर्णय झाला. दरम्यान ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू आणि सुखराम यांच्या संभाषणाने देशात मोबाइलचे युग सुरू झाले होते.

वेळ दाखविण्याच्या कामात मोबाइलने मनगटी घड्याळाला पुरते हरविले आहे, हे मोकळेपणाने कबूल केले पाहिजे. फोनची वेळ जाळ्यातून येते, आणि त्या जाळ्याच्या मुळाशी अणुघड्याळे असतात. चावीचे चांगले घड्याळही दिवसाकाठी काही सेकंद पुढेमागे होणारच. अचूकपणा हाच निकष असेल, तर वाद येथेच संपला.

परंतु दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली साधी आहे. घड्याळाला वेळ विचारली तर ते वेळ सांगून गप्प बसते. फोनला वेळ विचारली तर तो वेळेबरोबर दहा निरोप पुढे करतो, आणि पंधरा मिनिटांनी मान वर केली तर किती वाजले हे पाहावयाचे राहूनच गेलेले असते! ज्या साधनाने वेळ मोजावयाची तेच ती खाऊन टाकते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. आज शहरात दारोदार जेवण पोचविणारी मुले दुचाकीवरून धावताना दिसतात. त्यांच्या फोनवर मिनिटे उतरत असतात. ती मिनिटे कोणी ठरविली, हॉटेलच्या दारात ताटकळण्याचा वेळ कोणाच्या खात्यावर पडला, हे त्यांना विचारता येत नाही. हिशोब कंपनीच्या यंत्रात होतो. १९०६ च्या कामगाराचा भोंगा निदान गिरणीच्या धुराड्याजवळ होता, आता तो त्याच्या खिशात आला आहे. नव्या धर्तीची 'स्मार्ट' घड्याळेही मनगटावर परतली आहेत खरी, पण ती बांधणाराची नाडी, झोप आणि पावले मोजतात आणि ते आकडे बहुधा फोनवाटे दूरच्या कंपनीकडे जातात. पूर्वी माणूस घड्याळाकडे पाहत असे. आता घड्याळ माणसाकडे पाहू लागले आहे.

तेव्हा मूळ प्रश्नाचे आमचे उत्तर असे. वेळ कळण्यासाठी मनगटी घड्याळाची गरज उरलेली नाही, आणि हौस म्हणून ते कोणी बांधले तर आमची हरकत नाही. पण ज्या गरजेपोटी ते साध्या माणसाच्या हातावर आले ती गरज संपलेली नाही. आपल्या श्रमाची मिनिटे आपल्याला स्वतंत्रपणे मोजता आली पाहिजेत, आणि दुसऱ्याच्या मोजणीवर शंका घेण्याचा हक्क शाबूत राहिला पाहिजे. हे काम चावीच्या घड्याळाने होते की कागदावरच्या टिपणाने, कायद्याने होते की संघटनेने, हा तपशिलाचा प्रश्न आहे. जेवण घेऊन दारात आलेल्या त्या मुलाला उद्या कोणी विचारले, की बाबा, आज तू किती तास काम केलेस, तर फोन न उघडता त्याला उत्तर देता यावे. लोखंड्यांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी जे मागितले, ते याहून फार निराळे नव्हते.